गप्प बसणाऱ्यांची यादी

मुकुंद गेल्याचं मला तिसऱ्या दिवशी कळलं, तेही मासळी घ्यायला आलेल्या एका गिऱ्हाइकाकडून. आमच्या दिवाळे गावच्या बाजारात मी माझ्या जावेच्या पाटीपाशी उभी होते. जुईनगरहून दर रविवारी येणारी एक बाई कोलंबी निवडता निवडता म्हणाली, "आमच्या वरच्या मजल्यावरचे शिरोळकर गेले हो. सकाळी दाढी करताना पडले ते उठलेच नाहीत. तुमच्याच गावात राहायचे ना आधी?" मी हो म्हटलं. तिने कोलंबीचा भाव विचारला, जावेने सांगितला, तिने घासाघीस केली, जावेने दिली. एवढं होईपर्यंत मी तिथेच उभी होते. मला आधी रडू आलं नाही, राग आला. जो माणूस बारा वर्षं माझ्या घराच्या वरच्या खोलीत राहिला, ज्याला काविळीत माझ्या आईने महिनाभर पेज भरवली, तो गेल्याचं मला असं बाजारात, कोलंबीच्या भावासोबत कळावं... मग लक्षात आलं, मला कळवणार कोण आणि कशाला? दीड वर्ष आमचं बोलणं बंद होतं. बंद मीच केलं होतं.

तो पहिल्यांदा आमच्याकडे आला तेव्हा सव्वीस-सत्तावीसचा असेल. कराडकडचा. बेलापूरला एका सरकारी संस्थेत, खरेदी विभागात नुकता चिकटला होता. पाठीला सॅक आणि हातात घरून दिलेला डबा. मी खोलीचं भाडं चढवून सांगितलं, पुढे उतरवावं लागणार हे धरून, जसं सगळेच सांगतात. तो "चालेल" म्हणाला. मला धसकाच बसला. भाव न करणारा माणूस मला आजही संशयाचा वाटतो. एक तर तो पैसे देणार नसतो, नाही तर त्याला जगाची काही कल्पना नसते. मी त्याला दारातच विचारलं, अरे, काही कमी करा म्हणशील की नाही? तो म्हणाला, तुम्ही विचार करूनच सांगितलं असेल ना, ताई. शेवटी मीच बडबडत, चिडत भाडं उतरवलं. माझी आय आतून सगळं ऐकत होती. ती म्हणाली, "आपल्याशीच भांडून हारलीस गो बाय." भावात मी हरले असेन ती तेवढीच.

वरच्या खोलीच्या खिडकीतून जेट्टी दिसते. पहिला आठवडाभर तो नाकाला रुमाल लावून बसायचा, सुकत घातलेल्या बोंबलांचा वास त्याला सोसेना. दुसऱ्या महिन्यात भाकरीबरोबर सुका जवळा मागून खायला लागला. सुट्टीच्या दिवशी सकाळी होड्या लागल्या की एक लांबट वही घेऊन तो जेट्टीच्या कठड्यावर जाऊन बसायचा आणि मासळीचा लिलाव लिहून काढायचा. होडी कोणाची, मासळी कुठली, बोली कोणी लावली, पाटी कितीला तुटली. बायकांना आधी वाटलं हा टॅक्सवाला आहे. नंतर वाटलं वेडा आहे. नावं माहीत नसल्यामुळे त्याने बायकांना आपल्या मनाने नावं दिली होती. हिरवं लुगडं, चष्मेवाली, पानवाली. मी 'घरमालकीण'. आय सगळ्यांसमोर म्हणायची, "या पोराचं लगीन करा रं कोनीतरी. सकाळधरनं बायांकडं बघत बसलाय." तो 'आजी, पुरे' म्हणत लाजून लाल व्हायचा, पण जागचा उठायचा नाही.

एकदा त्याने मला विचारलं की सारखीच पाटी एका बाईला स्वस्तात मिळते आणि दुसरीला महाग पडते, हे कसं? तेव्हा मीच त्याला शहाणपण शिकवलं. म्हटलं, ओरडणाऱ्या बाईकडे बघू नकोस, गप्प बसलेलीकडे बघ. आमच्या जेट्टीवर एक रिवाज होता, थोडाफार अजून आहे. घरातला माणूस गेला की तेराव्यानंतर त्या घरची बाई पाटी घ्यायला येते. तेव्हापासून पंधरा दिवस बाकीच्या बायका तिच्यावर बोली चढवत नाहीत. कोणी कोणाला सांगत नाही. सगळ्या खाडीकडे बघत उभ्या राहतात. तिला पाटी स्वस्तात पडते आणि तिचे पाय पुन्हा जमिनीला लागतात. होडीवाल्यालाही ते ठाऊक असतं. या रिवाजाला आमच्याकडे नाव नाही. मुकुंदने ते ऐकलं आणि वहीत एक नवा रकाना आखला. त्याच्यावर लिहिलं, 'गप्प'.

त्याच वर्षी दिवाळीनंतर माझा नवरा गेला. तुर्भ्याच्या एका कारखान्यात होता, गेटपाशी मागे येणाऱ्या ट्रकखाली सापडला. तेराव्यानंतर मी जेट्टीवर उभी राहिले. पंधरा दिवस बायकांनी मला सांभाळलं, ते मी जाणून होते. सोळाव्या दिवसापासून मी पदर खोचला. त्या दिवसांत माझ्या तोंडाला अशी धार चढली होती की होडीवालेही दचकायचे. आणि पाट्या मला मिळत गेल्या, चांगल्या भावात, पार शिमग्यापर्यंत. मला वाटायचं, बायका माझ्या तोंडाला घाबरून मागे सरतात. त्या चार महिन्यांत हाताशी जे राहिलं त्यावर मी मासळीची पाटी खाली ठेवली आणि झाडू, फिनेल, फडकी पुरवायचा धंदा सुरू केला. आधी सोसायट्यांना, मग ऑफिसांना. तेव्हापासून मी भेटेल त्याला हेच सांगत आले की मी कोणाच्या मेहेरबानीवर उभी राहिलेली नाही.

मुकुंदच्या संस्थेची हॉस्पिटलं होती, शाळा होत्या. त्यांना माल द्यायचा तर टेंडर भरायचं. तेव्हा ते कागदाचं होतं. पेटी जिन्याखाली, आणि जिन्यावर चार माणसं उभी. कोणाचा लिफाफा पेटीत जाणार हे त्यांनी आधीच ठरवलेलं. मी दोनदा गेले. दुसऱ्यांदा त्यांच्यातल्या एकाने माझ्या हातातून लिफाफा घेतला, फाडला, तुकडे माझ्याच पिशवीत घातले आणि म्हणाला, "मावशी, मासळी विका." मी त्याच्या कानाखाली वाजवली. पुढच्या क्षणी मी जिन्याच्या तळाला होते आणि मनगट मोडलं होतं. प्लास्टर घालायला मला मुकुंद घेऊन गेला. दोन वर्षांनी एका संध्याकाळी तो धावत घरी आला आणि दारातूनच म्हणाला, "ताई, पेटी गेली." आता टेंडर कॉम्प्युटरवर भरायचं, जिन्यावर कोणी उभं राहू शकणार नाही. डिजिटल सही म्हणजे काय, कागद कसे चढवायचे, हे त्याने मला आठ दिवस बसून शिकवलं. आणि त्याच आठवड्यात ऑफिसात लिहून दिलं की ही बाई माझी घरमालकीण आहे, तिच्या कुठल्याही फाइलला मी हात लावणार नाही. मी म्हटलं, ओळख वापरायची नसेल तर ठेवायची कशाला? तो म्हणाला, "जेवायला."

पुढे त्याचं ते आकड्यांचं वेड कामाला आलं. कॉम्प्युटरवर सगळं नोंदलं जात होतं. कोणी किती वाजता भरलं, कुठल्या मशीनवरून भरलं, किती दर लावला. पण ते उघडून बघत कोणी नव्हतं. मुकुंदने बघायला सुरुवात केली, आधी माझ्याच भिंतीवर. वरच्या खोलीत त्याने खिळे ठोकले. एकेक खिळा म्हणजे एकेक ठेकेदार, आणि ज्यांनी एकत्र टेंडर भरलं त्यांच्यामध्ये दोरा. महिन्याभरात भिंतीवर जाळं झालं. काही खिळ्यांना इतके दोरे की खिळा दिसेना. मला म्हणाला, "सगळे कोण जिंकलं ते बघतात, ताई. मी कोण हरलं ते बघतो." खरा हरणारा कधी थोडक्यात हरतो, कधी सपाटून. दर वेळी तेवढ्याच अंतराने हरणारा माणूस हरत नसतो, तो कोणाला तरी वाट करून देत असतो. हे त्याला कोणी शिकवलं होतं ते मला माहीत होतं, आणि खोटं कशाला सांगू, मला त्याचा अभिमान वाटला. नंतर संस्थेने त्याला एक खोली, दोन मशीन आणि दोन मुली मदतीला दिल्या. पाइपवाल्यांची टोळी त्याने तिथूनच पकडली. आळीपाळीने जिंकत होते, दहा वर्षं. ते उघड झाल्यावर पुढच्या टेंडरला पाइपचे दर असे खाली आले की वरच्या साहेबांनी मुकुंदला सगळ्यांसमोर उभं करून टाळ्या वाजवल्या.

लग्न उशिरा झालं त्याचं. वृषाली आल्यावर दोघं जुईनगरला फ्लॅटमध्ये गेले. खोली सोडताना मी भिंतीतल्या खिळ्यांवरून त्याच्याशी भांडले. प्लॅस्टर उखडलं होतं, मी ऐकवायचं ते सगळं ऐकवलं. त्याने नेहमीसारखं ऐकून घेतलं. ही कुरबुर इथे सांगते आहे त्याला कारण आहे.

आता जयश्रीचं. जयश्री तुर्भ्याची, माझ्यासारखीच छोटी पुरवठादार. तिचा नवरा धंदा बघायचा, ती घर. तो गेला तेव्हा तिला टेंडर कसं उघडायचं हेसुद्धा माहीत नव्हतं. हॉस्पिटलच्या हातमोज्यांचं टेंडर निघालं होतं. मी आणखी दोघांना फोन केला, म्हटलं, या वेळी तिला घेऊ दे. टेंडरात सगळ्यात कमी दर लावेल त्याला काम मिळतं, म्हणून आम्ही तिघांनी चढे दर लावले. जुईनगरच्या ज्या सायबर कॅफेत मी माझं टेंडर भरायची तिथेच तिला बसवलं आणि त्याच खुर्चीवरून, त्याच मशीनवर तिचंही मीच भरलं. अकरा मिनिटांच्या अंतराने. मला त्यात वावगं वाटलं नाही. जेट्टीवर जे आयुष्यभर केलं तेच केलं. फक्त पंधरा दिवसांचं ते तीन वर्षं झालं. दर वर्षी तिला घेऊ दे, दर वर्षी आम्ही चढे. आणि फिनेलच्या टेंडरला जयश्री आपणहून माझ्यापेक्षा चढा दर लावायला लागली. मी तिला तसं कधी सांगितलं नव्हतं. पण मला कळत होतं, आणि मी कधी नको म्हटलं नाही.

दीड वर्षापूर्वी एका शनिवारी मुकुंद एकटाच जेवायला आला. आय जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. जिताड्याचं कालवण होतं, त्याला आवडायचं. कमी जेवला. आयच्या फोटोखाली बराच वेळ बसला. मी वृषालीसाठी डबा बांधला तो विसरून गेला. सोमवारी मला नोटीस आली. संगनमताने दर लावले म्हणून तीन वर्षं कुठलंही टेंडर भरायला बंदी, नाव काळ्या यादीत. म्हणजे शनिवारी तो माझ्यासमोर बसून माशाचे काटे काढत होता तेव्हा त्याला सगळं ठाऊक होतं... ती नोटीस वाचताना मला मनगट मोडलं तेव्हासुद्धा दुखलं नव्हतं तसं दुखलं.

मी तडक त्याच्या घरी गेले. चप्पलसुद्धा काढली नाही. विचारलं, माझं नाव यादीत कोणी घातलं? तो म्हणाला, मशीनने काढलं, मी पुढे पाठवलं. वर लिहूनही दिलं की यातल्या एकीला मी ओळखतो, तेव्हा निर्णय मी घेणार नाही. मी म्हटलं, मग मला आधी सांगायला काय झालं होतं? तो म्हणाला, तसं सांगता येत नाही, एवढंच. मी म्हटलं, जयश्रीचा नवरा मेला होता, आम्ही जेट्टीवरचंच केलं, तूच वहीत लिहून घेतलं होतंस. तेव्हा तो पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघून बोलला.

"ताई, जेट्टीवर होडीवाला समोर उभा असतो. आज आपल्याला कमी मिळणार हे त्याला दिसत असतं, आणि तो मान खाली घालून होऊ दे म्हणतो. इथे होडीवाला कोण होता? त्याला कोणी विचारलं?"

मग त्याने टेबलाच्या खणातून एक हातमोजा काढून माझ्यापुढे ठेवला. अंगठ्यापाशी उभा फाटलेला. म्हणाला, बाळंतिणीच्या वॉर्डातल्या आया दोन-दोन चढवतात, एक फाटतो म्हणून. जयश्रीचा माल होता तो. आपल्याखाली कोणी दर लावणार नाही हे कळल्यावर तिने पातळ माल द्यायला सुरुवात केली होती. ते मला माहीत नव्हतं. विचारलंही नव्हतं. मी आवाज चढवला. पेज भरवली ती काढली, खिळे काढले, आय काढली. शेवटी म्हटलं की मी या जगात कोणाच्या मेहेरबानीवर उभी राहिलेली नाही, तुझ्याही नाही. त्यावर तो म्हणाला, "ताई, तुम्हाला..." आणि थांबला. तांब्यातलं पाणी भांड्यात ओतलं, प्यायला, भांडं खाली ठेवलं. मला वाटलं, याचे शब्द संपले. मी निघून आले ती परत त्या घराची पायरी चढले नाही.

त्या यादीत माझ्या वर मोठमोठी नावं होती. रस्त्यांची, यंत्रांची, औषधांची. ती सगळी सुटली. त्यांच्या वकिलांनी एकच धरून ठेवलं, की यादी करणारा माणूस आकसाने वागतो. एकाने म्हटलं, दुसऱ्याने म्हटलं, तिसऱ्याने म्हटलं. मग मुकुंदचीच चौकशी लागली. दोन मशीन काढून घेतली, मुली दुसरीकडे गेल्या आणि त्याला तळमजल्यावर जुन्या फाइलींच्या खोलीत बसवलं. बंदीत राहिलो ते आम्ही छोटे. हे मला बाहेरून कळत होतं आणि मला बरं वाटत होतं. असं वाटायला नको होतं, पण वाटलं. काळ्या यादीत नाव गेल्यावर सोसायट्यांनीसुद्धा माझ्याकडून झाडू घेणं बंद केलं होतं. जयश्री माझा फोन उचलत नव्हती. मी अपील केलं. माझे वकील म्हणाले, आपणही तेच धरू. तो तुमच्या घरात भाडेकरू होता, खोली सोडताना भांडण झालं होतं, खिळ्यांचं ते सांगा. ज्यांनी आकस म्हटलं त्यांच्यापैकी कोणी त्याला ओळखत नव्हतं, तुम्ही ओळखता. तुमच्या शब्दाला वजन आहे. मी हो म्हटलं. अर्जात तसं लिहून सहीही केली. मुकुंद तेव्हा हयात होता.

तो गेल्याचं कळलं त्या दुपारी मी जुईनगरला गेले. वृषालीने पाणी दिलं, चहा विचारला नाही. तीच थोडं बोलली. चौकशी अजून बंद झालेली नाही, आणि ती बंद होईपर्यंत त्याचं पेन्शन, फंड, सगळं अडकून पडलंय. तिने हे तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही, दूधवाला उद्या येणार नाही असं सांगावं तसं सांगितलं. माझा अर्ज तिला ठाऊक होता की नाही, मला आजही माहीत नाही. मी निघताना ती आत गेली आणि ती लांबट वही घेऊन आली. म्हणाली, "ही तुमच्या गावची, ताई. ऑफिसची असती तर चौकशीवाले तीही घेऊन गेले असते."

वही मी वरच्या खोलीत बसून वाचली. खोली तेव्हा रिकामीच होती. पाना-पानावर त्याचं ते बारीक अक्षर. होडी, मासळी, बोली, तुटली, गप्प. माझ्या नवऱ्याच्या तेराव्यानंतरचं पान आलं. बोलीच्या रकान्यात घरमालकीण. गप्पच्या रकान्यात हिरवं लुगडं, चष्मेवाली, पानवाली आणि आणखी दोघी. पंधरा दिवस झाले तिथे त्याने आडवी रेघ मारली होती. मी रेघेखाली बघितलं. घरमालकीण. गप्प, हिरवं लुगडं, चष्मेवाली, पानवाली आणि त्याच दोघी. पुढच्या पानावर तेच. त्याच्या पुढच्या पानावर तेच... शिमग्यापर्यंत तेच. माझ्यावर बोली चढलीच नव्हती. मी जेट्टीवर घसा फोडून एकटीच ओरडत होते आणि बाकीच्या खाडीकडे बघत उभ्या होत्या. एका पानाच्या तळाशी पेन्सिलीने लिहिलं होतं : आजी म्हणाल्या, तिला सांगू नकोस. तिला वाटू दे.

त्या दिवशी तांब्यातल्या पाण्याबरोबर त्याने काय गिळलं ते मला तेव्हा कळलं. माझा सगळा तोरा एका वाक्यात उतरवता आला असता त्याला, आणि मी त्याच्याच घरात उभी राहून त्याला तशी संधी दिली होती. हिरवं लुगडं आणि पानवाली आता नाहीत. चष्मेवाली आहे, तिला ऐकू येत नाही. आय गेली. विचारायला कोणी उरलेलं नाही.

सुनावणी गेल्या मंगळवारी झाली. बेलापूरला, चौथ्या मजल्यावर. अधिकाऱ्यांनी माझा अर्ज वाचला आणि विचारलं, "यादी करणाऱ्या अधिकाऱ्याचा तुमच्यावर राग होता असं तुम्ही म्हटलंय. काय झालं होतं?" वकिलांनी मला सगळं पढवून ठेवलं होतं. खिळे, भिंत, भांडण. त्यातलं एकही खोटं नव्हतं. मी ते सांगितलं असतं तर माझं नाव यादीतून निघालं असतं, आणि मुकुंदवरचं किटाळ कायमचं पक्कं झालं असतं. त्याच्या बाजूने बोलायला तिथे कोणी नव्हतं. अधिकाऱ्यांनी दुसऱ्यांदा विचारलं. वकिलांनी कोपर लावलं. खिडकीतून खाडीचा एक तुकडा दिसत होता, मी तिकडे बघत उभी राहिले. रिवाजाचे पंधरा दिवस तर कधीच उलटून गेले होते. पण माझ्यासाठी बायका पंधरा दिवसांवर थांबल्या नव्हत्या. अधिकारी टाइप करणाऱ्या मुलीला म्हणाले, "उत्तर नाही, असं लिहा."

अपील फेटाळलं गेलं. वकील खाली उतरल्यावर मला बरंच बोलले, त्यांचं बरोबर होतं. वृषालीच्या कागदांचं काय झालं ते कळलेलं नाही, कदाचित माझ्या एकटीच्या गप्प बसण्याने काही होणारही नाही. आणि मुकुंदला मी माफ केलं असंही नाही. त्याने मला आधी सांगायला हवं होतं. शनिवारी, जेवताना, एका शब्दाने. हे मी आजही म्हणते आणि तो समोर असता तर आजही ओरडून म्हटलं असतं.

वरच्या खोलीत या महिन्यात नवीन भाडेकरू येतो आहे. त्याला रंग लावून हवाय. परवा पेंटर बघायला आला, भिंतीतल्या खिळ्यांवरून हात फिरवत म्हणाला, हे सगळे काढून भोकांत लांबी भरावी लागेल. मी म्हटलं, ही भिंत आहे तशी राहू दे, बाकीच्या तीन कर. तो म्हणाला, तीन केल्या तरी पैसे चारांचे होतील. मी भाव केला नाही.